सर्दीची गोळी कापून देण्याआधी : औषध विक्रेत्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या माझ्या औषध विक्रेत्या बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९९१ पासून २०१९ पर्यंत मी मेडिकल चालवलं. २८ वर्षं काउंटरच्या त्याच बाजूला उभी राहिले, जिथे आज तुम्ही आहात. संध्याकाळी सहा ते नऊची गर्दी मला ठाऊक आहे. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात कात्री, खांद्याला लावलेला फोन आणि समोरून येणारी हाक : "ताई, सर्दीच्या चार गोळ्या द्या, लवकर." हे पत्र त्या चार गोळ्यांबद्दल आहे.

गेल्या पौषात माझ्या थोरल्या भावाला सर्दी झाली. दादा ६९ वर्षांचे. नाक चोंदलेलं, अंगात कणकण, डोकं जड. पुतण्या गाडीवरून गेला आणि वाटेतल्या एका मेडिकलमधून चार गोळ्या घेऊन आला. सकाळी एक, संध्याकाळी एक. त्याच रात्री दादांची लघवी तुंबली. आधी थेंब थेंब, मग तेही नाही. मध्यरात्री दोनच्या सुमाराला ओटीपोट दगडासारखं झालं आणि कधी हूं की चूं न करणारा तो माणूस लहान मुलासारखा कळवळायला लागला. ३० किलोमीटर गाडी पळवून दवाखाना गाठला. नळी घातली तेव्हा पिशवीत जवळजवळ एक लिटर लघवी आली. ती नळी पाच दिवस राहिली.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध घेतलंय?" पुतण्याने खिशातून उरलेल्या दोन गोळ्यांचा तुकडा काढला. पुढून चंदेरी, मागे अर्धवट अक्षरं. गोळीचं नाव कापून गेलेलं, मुदतही कापून गेलेली. शिल्लक होतं ते '…निरामिन मॅलिएट २ मिग्रॅ' एवढंच. माझी हयात त्या अक्षरांत गेली म्हणून मला पुढचं मागचं जुळवता आलं : पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. दुसऱ्या घरात कोणाला जमलं असतं?

त्या दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, तक्रारही केलेली नाही. कारण असेच तुकडे मी स्वतःही दिले आहेत, वर्षानुवर्षं. त्याचं मला वाईट वाटतं आणि म्हणूनच लिहिते आहे.

आता आपल्या भाषेत बोलू. दादांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू होतं. टॅमसुलोसिन काय करतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मूत्राशयाच्या तोंडाशी जे स्नायू आवळतात, त्यांचे अल्फा रिसेप्टर, म्हणजे आवळण्याचा इशारा घेणाऱ्या जागा, ते अडवतं, म्हणजे वाट मोकळी होते. फेनिलएफ्रिन नेमकं त्याच रिसेप्टरना चेतवतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून ते घालतात, पण गोळी पोटात गेल्यावर नाक कुठलं आणि मूत्राशय कुठलं, हे तिला कळत नाही. शिवाय क्लोरफेनिरामिन आहेच. त्याने नाक गळायचं थांबतं, तोंडाला कोरड पडते आणि मूत्राशयाचा स्नायू ढिला पडून जोर लावेनासा होतो. दादांच्या बाबतीत मोठा वाटा या क्लोरफेनिरामिनचाच असावा, असं माझं मत आहे. तेव्हा महिन्याच्या एक तारखेला आपण त्यांना वाट उघडायची गोळी विकतो आणि दहा तारखेला तीच वाट बुजवणारी. दोन्ही एकाच फळीवरून. मधे एकच प्रश्न हवा होता : "घरात कोणासाठी हवीय? वय काय? लघवीचा काही त्रास?"

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक उत्तर देत नाही. खरं आहे. "तुम्ही डॉक्टर आहात का?" हे मीही ऐकून घेतलंय. समोरच्या दुकानात न विचारता मिळतं, आता तर फोनवर बोट टेकवलं की घरपोच मिळतं. वीस रुपये घेऊन आलेल्या माणसाला पूर्ण पाकीट घ्या म्हणणंही जिवावर येतं. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला औषध समजावून सांगणं हे आपलं कर्तव्य ठरवलंय. ज्या मुलाने डी. फार्म.ची दोन वर्षं घासून पदविका घेतली, त्याला डब्यातून गोळी काढून देणारा नोकर म्हणवून घ्यायचं नसेल, तर त्याच्याकडे फरक दाखवायला हाच एक प्रश्न आहे.

या गोळीचा इतिहास तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल. तेव्हा सर्दीच्या गोळीत फेनिलप्रोपॅनोलामिन असायचं. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपन्यांना ते बाजारातून काढून घ्यायला सांगितलं, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याशी त्याचा संबंध दिसला होता, विशेषतः स्त्रियांमध्ये. आपल्याकडे ते बंद झालं फेब्रुवारी २०११ मध्ये. मधली दहा वर्षं मी ते विकत होते. माझ्या आईला, शेजारणींना, शाळेतल्या बाईंना. २०११ ला कंपनीचा माणूस जुना माल परत न्यायला आला आणि काही आठवड्यांत त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या पाकिटांत फेनिलएफ्रिन येऊन बसलं. गिऱ्हाइकाला कळलंही नाही की आतलं औषध बदललंय. नाव तेच, जाहिरात तीच.

आणि आता या फेनिलएफ्रिनचं काय झालंय, तेही ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या त्याच अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीच्या १६ च्या १६ सदस्यांनी मत दिलं की तोंडावाटे घेतलेल्या फेनिलएफ्रिनने चोंदलेलं नाक मोकळं होत नाही. गोळी घेतली की त्याचा बहुतांश भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच मोडतो, नाकापर्यंत पोचतं ते नगण्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या प्रशासनाने हा घटक चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. हा प्रस्ताव गुणाबद्दलचा आहे, धोक्याबद्दलचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. नाकात मारायच्या फवाऱ्याला तो लागू नाही. पण ज्याचा गुण नाही, ते औषध बीपीच्या, काचबिंदूच्या, प्रोस्टेटच्या माणसाला द्यायचं कशासाठी? थोडासाही धोका तिथे महागच पडतो.

आपल्याकडेही ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ औषध-संयोगांवर (एकाच गोळीत किंवा बाटलीत एकत्र केलेल्या औषधांवर) बंदी घातली. त्यात पॅरासिटामॉल आणि फेनिलएफ्रिनबरोबर सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन असलेले सर्दीचे संयोग होते. पण क्लोरफेनिरामिनवाला भाऊ अजून फळीवर आहे. सरकार एक दार लावतं, माल दुसऱ्या दाराने येतो. म्हणून मी हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. शेवटचं दार तुमच्या काउंटरचं आहे.

परदेशातून येणाऱ्या गोळ्यांबद्दलही दोन शब्द. अमेरिकेत, युरोपात असलेली मुलं दिवाळीला येताना आईवडिलांसाठी डबाभर औषधं आणतात. त्यात बऱ्याचदा आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीला स्यूडोएफेड्रिन असतं. हे फेनिलएफ्रिनसारखं लेचंपेचं नाही, नाक खरंच मोकळं करतं आणि बीपीही खरंच वाढवू शकतं. युरोपच्या औषध नियामकाच्या सुरक्षा समितीने डिसेंबर २०२३ मध्ये बजावलंय की ज्यांचं बीपी फार जास्त आहे किंवा गोळ्यांनीही ताब्यात नाही, आणि ज्यांच्या मूत्रपिंडाचा आजार गंभीर आहे, त्यांनी ते घेऊ नये. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसण्याचे, मेंदूला सूज येण्याचे मोजके पण भयंकर प्रकार नोंदले गेलेत. त्यात आयब्युप्रोफेन असेल तर तेही बीपीच्या गोळीचा असर कमी करतं आणि मूत्रपिंडावर ताण आणतं. आजोबा डबी घेऊन "ही चालेल का गं?" विचारायला येतात तेव्हा "फॉरेनची आहे, चांगलीच असणार" असं म्हणून मोकळं होऊ नका. डबी उलटी करा, घटक वाचा.

आता पॅरासिटामॉल. सगळ्यात साधं, सगळ्यात सुरक्षित समजलं जाणारं, आणि माझ्या मते या गोळीतला सगळ्यात फसवा घटक. फसवा अशासाठी की तो इतर गोळ्यांतही असतो आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. हिशेब करू. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. दिवसाला तीन घेतल्या की १,५०० झालं. ताप उतरत नाही म्हणून घरातलीच साडेसहाशेची गोळी चार वेळा घेतली की २,६००. बेरीज ४,१००. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० आहे. दोन्ही औषधं 'साधी', दोन्ही पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे घेतलेली, आणि तरी माणूस रेषेच्या पलीकडे. ज्याचं वजन ५० किलोच्या आत आहे, जो चार दिवस नीट जेवलेला नाही किंवा जो रोज पितो, त्याच्यासाठी ती रेषा बरीच अलीकडे असते. यकृतात पॅरासिटामॉलचा एक विषारी अंश तयार होतो. तो निकामी करणारा साठा उपासाने आणि रोजच्या दारूने आटतो. आणि वाईट हे की पहिला दिवसभर फारसं काही जाणवत नाही. मळमळ, थोडी ग्लानी, तीही तापाचीच वाटते. यकृत बिघडल्याचं कळतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आली होती. चार दिवसांचा ताप, चालताना झोकांड्या जात होत्या. पदराची गाठ सोडून तिने दोन तुकडे काढले. एक सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांचा, ५०० चा. दुसरा कुठल्याशा दुकानातून कापून आणलेला, त्यावर काहीच वाचता येत नव्हतं. "दोन्ही घेतेय, तरी ताप हटंना, अजून जोराची द्या." रंगावरून, आकारावरून मी अंदाज बांधला की दुसरीही पॅरासिटामॉलचीच. तिचं वजन चाळीसच्या वर नसेल. जेवण विचारलं तर म्हणाली, काल रात्री चहा आणि बटर. मी त्या दिवशी गोळी दिली नाही, रिक्षा बोलावून तिला परत सरकारी दवाखान्यात धाडलं. ती बरी झाली, पुढच्या आठवड्यात मोळी घेऊन जाताना दिसली. पण त्या दुसऱ्या तुकड्यावर नाव असतं तर टोळीतल्या शिकलेल्या एखाद्या पोराने आधीच सांगितलं असतं, मावशी, दोन्ही एकच आहेत.

म्हणून पहिली विनंती कात्रीबद्दल. गिऱ्हाइकाला चारच गोळ्या हव्या असतील तर द्या, पण त्या कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर देवनागरीत, ठसठशीत अक्षरांत लिहा : गोळीचं नाव, 'यात पॅरासिटामॉल ५०० आहे', मुदत कधी संपते. अर्धं मिनिट लागतं. मी शेवटची सात-आठ वर्षं हे केलं. सुरुवातीला हात दुखायचा, मग शिक्के करून घेतले. गोळ्यांची पट्टी कापताना नाव आणि मुदत असलेली बाजू नेहमी आपल्याकडे ठेवायची आपल्याला सवय असते, कारण उरलेला माल परत करायचा असतो. पण ज्याच्या पोटात गोळी जाणार आहे, त्याला ती माहिती जास्त लागते.

दुसरी विनंती पुडीबद्दल. "सर्दी-तापाचा डोस द्या" म्हटलं की एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी अशा तीन गोळ्या कागदात गुंडाळून द्यायची पद्धत अजून कित्येक गावांत आहे. त्यात सर्दीची गोळी, वर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक, कधी अँटिबायोटिक, कधी तर स्टेरॉइडही. हे बंद करा. यात मला कोणाची अडचण समजून घ्यायची इच्छा होत नाही. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत आपल्याकडे डेंगी असतो. ताप डेंगीचा असेल आणि पोटात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक गेलं, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाच्या पहिल्या दिवशी डेंगी की साधी सर्दी हे डॉक्टरलाही सांगता येत नाही, आपल्याला कुठून येणार?

लहान मुलांबद्दल लिहिताना हात जड होतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली, मूत्रपिंडं निकामी झालेली. वीसहून अधिक मुलं दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ नावाच्या सर्दी-खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं, ४८.६ टक्के. ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही तिथे. तो गुन्हा उत्पादकाचा आणि त्याच्यावर नजर न ठेवणाऱ्यांचा. पण त्या बाटलीवर छापलेले घटक कोणते होते, आठवतं? पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन. दादांच्या गोळीतले तेच तीन. आणि क्लोरफेनिरामिन-फेनिलएफ्रिनचा संयोग चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तशी सूचना बाटलीवर छापावी, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळवलं होतं. बाटलीत विष नसतं तरीही त्या वयाला ते औषध नकोच होतं. तेव्हा आई "बाळाला सर्दी झालीय, ते गुलाबी औषध द्या" म्हणाली तर वय विचारल्याशिवाय हात फळीकडे जाऊ देऊ नका. चाराच्या आत असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब द्या, अंगावरचं दूध पीत असेल तर पाजत राहा म्हणा, आणि बाळाला धाप लागत असेल, छाती आत ओढली जात असेल, ते प्यायला नको म्हणत असेल तर त्याच क्षणी दवाखान्यात पाठवा.

तुम्हाला वाटेल, मग सर्दीला द्यायचं काय? गिऱ्हाईक रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? माझा अनुभव असा की नीट सांगितलं तर माणूस ऐकतो. अंग दुखतंय, ताप आहे, तर साधं पॅरासिटामॉल, एकटं, हिशेबात. नाक चोंदलंय तर मिठाच्या पाण्याचा फवारा. फारच बेजार असेल तर झायलोमेटाझोलिनचे थेंब, पण तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीचा बांधील होतो. अशी वर्षानुवर्षं उशाशी बाटली घेऊन झोपणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आणि बीपीवाल्याने हे थेंबही डॉक्टरांना विचारूनच. सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, हे मात्र हसून सांगा. तीन दिवसांपुढे ताप राहिला, दम लागला, कान ठणकला तर डॉक्टर.

क्लोरफेनिरामिनची गोळी द्यावीच लागली तर अजून एक विचारा : "आज गाडी चालवायची आहे का?" आमचं गाव पुणे-बंगळूर महामार्गापासून जवळ. ट्रकचे चालक गाडी कडेला लावून सर्दीची गोळी घ्यायचे आणि चहा पिऊन पुढे निघायचे. त्या गोळीने झोप येते, हे मी पहिली काही वर्षं त्यांना सांगतच नव्हते. चिठ्ठी नव्हती, ओळख नव्हती, माणूस पुन्हा दिसणार नव्हता. आज विचार केला की पोटात गोळा येतो.

दारूचं विचारणं अवघड जातं, मान्य. मी "जेवण नीट होतंय ना? संध्याकाळी काही घेता का?" असं एका दमात विचारायचे. जेवणाच्या ओघात उत्तर येऊन जातं, कोणी दुखावत नाही.

आणि काही विपरीत घडलं, दादांसारखं, तर लपवू नका. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते, १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत क्रमांक आहे. दादांची नोंद मी स्वतः केली. २०११ पर्यंत मी ज्यांना फेनिलप्रोपॅनोलामिन विकलं, त्यातल्या एकाही माणसाचं पुढे काय झालं हे मी कधी कुठे कळवलं नव्हतं. माझ्यासारख्या हजारो दुकानांतून कळवलं गेलं असतं, तर ते बंद व्हायला कदाचित दहा वर्षं लागली नसती.

दादा आता बरे आहेत. नळी निघाली. पाकिटात बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी ठेवतात आणि कुठल्याही मेडिकलमध्ये गेले की आधी ती पुढे करतात. गेल्या महिन्यात एका तरुण फार्मासिस्टने ती चिठ्ठी वाचली, हातातली सर्दीची गोळी परत डब्यात ठेवली आणि म्हणाला, "आजोबा, ही तुम्हाला नको." दादांनी घरी येऊन मला हे तीनदा सांगितलं.

माझ्या दुकानातल्या कागदी पाकिटावर जो मजकूर छापलेला असायचा, तो आजच्या माहितीप्रमाणे सुधारून खाली देते. ज्यांना हवा त्यांनी जसाच्या तसा छापून घ्यावा, माझी परवानगी गृहीत धरावी.

"या गोळीत पॅरासिटामॉल ……. मिग्रॅ आहे. तापाची किंवा अंगदुखीची दुसरी गोळी घेण्याआधी दुकानात विचारा. बीपी, काचबिंदू, थायरॉइड, लघवीचा किंवा लिव्हरचा त्रास असेल तर आत्ताच सांगा. गोळी घेऊन गाडी चालवू नका, दारू घेऊ नका. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दीचं औषध देऊ नका. तीन दिवसांत ताप गेला नाही तर डॉक्टरांकडे जा. हे पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा."

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट
सातारा जिल्हा